दात्याच्या डोळ्यातून म्युलर पेशी वाढवणे आणि त्यांची ओळख पटवणे

मृत्यूनंतर दान केलेल्या डोळ्यातील दृष्टिपटलाच्या पेशी सुट्या करून फ्लास्कमध्ये ठेवल्या की प्रकाशसंवेदी पेशी आणि चेतापेशी काही दिवसांतच मरतात. तीन-चार आठवड्यांनी तळाला लांबट, सपाट, एकमेकींना खेटून बसलेल्या पेशींचा थर दिसतो आणि नवखा संशोधक वहीत ‘म्युलर पेशी’ (दृष्टिपटलातील चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) असे लिहून मोकळा होतो. बहुतेक वेळा त्या म्युलर पेशी असतातही. परंतु फ्लास्कमध्ये वाढलेली तारकापेशी (अ‍ॅस्ट्रोसाइट, ही दुसऱ्या प्रकारची आधारपेशी), रक्तवाहिनीभोवतीची संयोजी पेशी किंवा दृष्टिपटलामागच्या रंगद्रव्यस्तराची रंग गमावलेली पेशी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ तशीच दिसते, आणि या तिघींपैकी कोणतीही एक पुढच्या सहा महिन्यांच्या कामावर पाणी फिरवू शकते. म्हणून येथे पेशी वाढवण्याइतकीच जागा त्यांच्या ओळखीला दिली आहे, आणि कापण्याच्या टप्प्यावरील काही सूचनाही पुढे ओळख सोपी व्हावी एवढ्याचसाठी आहेत.

वुर्झबर्ग येथील शरीररचनाशास्त्रज्ञ हाइनरिख म्युलर यांनी १८५१ मध्ये या पेशींचे वर्णन केले. दृष्टिपटलाच्या आतल्या सीमापटलापासून बाहेरच्या सीमापटलापर्यंत, म्हणजे जवळजवळ पूर्ण जाडीभर, एकच म्युलर पेशी पसरलेली असते आणि वाटेतील सर्व चेतापेशींना तिच्या शाखा वेढून असतात. चेतापेशींनी सोडलेले ग्लुटामेट उचलून त्याचे ग्लुटामिन करणे, जादा पोटॅशियम वाहून नेणे, पाण्याचा समतोल राखणे ही तिची रोजची कामे होत. झेब्रामाशात याच पेशी विभागून नव्या चेतापेशी घडवतात आणि दुखावलेले दृष्टिपटल भरून काढतात. माणसात तसे होत नाही, उलट त्या व्रणासारखा थर धरतात. मधुमेही दृष्टिपटलविकारापासून पुनर्निर्मितीपर्यंत अनेक प्रश्नांसाठी मानवी म्युलर पेशी लागतात त्या यामुळेच, आणि उंदराच्या पेशींवर दरवेळी भागत नाही.

डोळा येण्यापूर्वी

पहिले काम प्रयोगशाळेबाहेरचे आहे. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, दात्याच्या नातेवाइकांनी संशोधनासाठी दिलेली स्पष्ट लेखी संमती आणि नेत्रपेढीशी करार ही तीन कागदपत्रे हातात असल्याशिवाय काहीही सुरू करू नये. भारतात यासाठी मानवी अवयव व ऊती प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा आणि त्याची २०११ ची दुरुस्ती, तसेच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे पाहावी लागतात. प्रत्यारोपणासाठी दिलेली संमती संशोधनाला आपोआप लागू होते असे गृहीत धरू नये.

नेत्रपेढीशी बोलताना एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी. अनेक ठिकाणी आता पूर्ण डोळा न काढता केवळ पारपटल (कॉर्निया) आणि त्याभोवतीची पांढऱ्या भागाची कड जागच्या जागी कापून घेतली जाते. अशा वेळी दृष्टिपटल असलेला मागचा भाग आपल्यापर्यंत येतच नाही. आपल्याला पारपटल काढून घेतल्यानंतर उरलेला पूर्ण गोल हवा असतो, आणि हे नेत्रपेढीच्या तंत्रज्ञांना आधी सांगून ठेवले नाही तर महिनाभर फोनची वाट पाहण्यापलीकडे काही घडत नाही.

मृत्यूपासून पेशी फ्लास्कमध्ये जाईपर्यंतचा काळ २४ तासांच्या आत असावा, आणि तो जितका कमी तितका बरा. म्युलर पेशी चेतापेशींपेक्षा चिवट असल्यामुळे थोडा उशीर त्या सोसतात. डोळा निर्जंतुक ओल्या डबीत, बर्फाच्या पेटीत, २ ते ८ अंश सेल्सिअसवर यावा, तो गोठता मात्र कामा नये. दात्याच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या चाचण्यांचे निकाल आले असले तरी ऊती संसर्गजन्य आहे असे समजूनच दुसऱ्या पातळीच्या जैवसुरक्षा कपाटात, दुहेरी हातमोजे घालून काम करावे. नोंदवहीत दात्याचे नाव लिहू नये. नेत्रपेढीचा सांकेतिक क्रमांक, वय, लिंग, मधुमेह किंवा काचबिंदू असल्यास तो, आणि मृत्यूपासूनचे तास एवढे पुरते.

कापणी

डोळा पातळ पोव्हिडोन आयोडिनमध्ये बुडवून, प्रतिजैविके घातलेल्या थंड पीबीएसने (क्षारांच्या समतोल द्रावणाने) दोन-तीनदा धुवावा. पारपटलाच्या कडेपासून साधारण ४-५ मिलिमीटर मागे गोल काप देऊन पुढचा भाग, भिंग आणि परितारिका वेगळी करावी. आता समोर एक वाटी उरते आणि तिच्यात काचाभ द्रव असतो. हा द्रव म्हणजे कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यापेक्षा घट्ट असा गोळा असून तो चिमट्याने एकदम ओढला तर दृष्टिपटलही त्याच्याबरोबर फाटून येते. म्हणून वाटी तिरकी करून तो आपसूक घसरू द्यावा आणि जिथे धरून राहील तिथे बारीक कात्रीने सोडवावा. पुढच्या कडेला आणि दृष्टिचेतेच्या तोंडाशी तो सर्वात घट्ट चिकटलेला असतो.

द्रव निघाला की वाटीला चार काप देऊन ती पाकळ्यांसारखी उघडावी आणि वर थंड पीबीएस सोडावे. ताज्या डोळ्यात दृष्टिपटल जवळजवळ पारदर्शक असते. उशिरा आलेल्या डोळ्यात ते दुधट, सुरकुतलेले दिसते आणि ओल्या टिश्यू पेपरसारखे लाटांवर हलते. खालच्या काळसर थरापासून ते बोथट स्पॅट्युलाने कडेकडून मोकळे करत मध्यापर्यंत यावे.

घाईचे दुष्परिणाम सर्वात जास्त भोगावे लागतात ते येथे. दृष्टिचेतेच्या तोंडाभोवतीचे ४-५ मिलिमीटरचे वर्तुळ कापून टाकून द्यावे, कारण दृष्टिपटलातील तारकापेशी दृष्टिचेतेच्या वाटेने आत येतात, चेतातंतूंच्या थरात रक्तवाहिन्यांच्या सोबतीने पसरतात आणि या भागात त्यांची दाटी सर्वाधिक असते. पुढच्या कडेची २-३ मिलिमीटरची पट्टीही काढून टाकावी, नाहीतर रोमक पिंडाच्या पेशी मिसळतात. मोठ्या रक्तवाहिन्या दिसत असतील तर त्या भिंगाखाली चिमट्याने ओढून काढाव्यात. उरतो तो मधल्या परिघाचा पट्टा, आणि आपल्याला हवा तोही तोच. त्यावर काळे ठिपके दिसत असतील तर ती रंगद्रव्यस्तराची घाण आहे. ताज्या पीबीएसच्या बशीतून बशीत तुकडा हलवत ठिपके दिसेनासे होईपर्यंत तो धुवावा. या धुण्याचा कंटाळा केला तर पुढे महिनाभर त्याची आठवण राहते.

दृष्टिचेतेजवळचा भाग टाकून न देण्याची चूक मी स्वतः केली आहे. ऊती कमी मिळाली होती, ती वाया घालवणे जिवावर आले आणि सगळेच फ्लास्कमध्ये गेले. पेशी झपाट्याने वाढल्या, जीएफएपी या प्रथिनासाठी सर्वच्या सर्व उजळल्या आणि ‘पेशी चिडलेल्या अवस्थेत आहेत’ असा अर्थ लावून मी सहा आठवडे प्रयोग चालवले. नंतर तारकापेशी दाखवणाऱ्या पॅक्स-२ या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड वापरले तेव्हा त्यातील मोठा हिस्सा तारकापेशींचा असल्याचे उघड झाले.

त्याच दृष्टिपटलाची एक बारीक पट्टी न विसरता बाजूला काढावी, ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये स्थिर करावी आणि ३० टक्के साखरेच्या द्रावणातून नेऊन गोठवलेल्या छेदांसाठी ठेवावी. पुढे ओळखीच्या वेळी हीच पट्टी सर्वात विश्वासू साक्षीदार ठरते.

पेशी सुट्या करणे

उरलेल्या पट्ट्याचे १-२ मिलिमीटरचे तुकडे करून पपेनच्या द्रावणात घालावेत. प्रति मिलिलिटर सुमारे २० युनिट पपेन, त्याला जागे करण्यासाठी सिस्टीन आणि ईडीटीए, तसेच मेलेल्या पेशींतून सुटलेल्या चिकट डीएनएच्या दोऱ्या तोडण्यासाठी डीएनएझ असे हे मिश्रण ३७ अंशांवर ३० ते ४० मिनिटे हलके हलवत ठेवावे. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातील एन्झाइम. ट्रिप्सिनपेक्षा ते पेशींच्या पृष्ठभागाशी सौम्यपणे वागते, म्हणून दृष्टिपटलासाठी मी तेच पसंत करतो. वेळ झाल्यावर ओव्होम्युकॉइडयुक्त द्रावणाने त्याचे काम थांबवावे, रुंद तोंडाच्या पिपेटने दहा-पंधरा वेळा बुडबुडे न करता वर-खाली करावे आणि २०० ते ३०० जी वेगाने पाच मिनिटे फिरवून पेशी खाली बसवाव्यात.

या क्षणी एक थेंब काचपट्टीवर घेऊन पाहावा, कारण म्युलर पेशी तिच्या खऱ्या रूपात दिसण्याची ही एकमेव संधी आहे. लांब, बारीक दांडा, मधोमध थोडी फुगीर गाठ म्हणजे केंद्रक, एका टोकाला पंख्यासारखे पसरलेले पाऊल आणि दुसऱ्या टोकाला झालरीसारखे बारीक तंतू, अशी ती आजूबाजूच्या गोल, चमकत्या दंडपेशींच्या (एका प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशींच्या) गर्दीत लगेच ओळखू येते. तिचे छायाचित्र काढून ठेवावे. फ्लास्कच्या तळाला चिकटल्यावर हा आकार काही दिवसांत नाहीसा होतो आणि पुन्हा येत नाही.

ऊती अगदीच कमी असेल तर एन्झाइमच्या भानगडीत न पडता तुकडेच फ्लास्कच्या तळाला, आतली बाजू खाली करून, अत्यल्प माध्यमात चिकटवता येतात. मग त्यांच्या कडेने पेशी बाहेर सरकतात. ही पद्धत संथ आहे, पण पेशींचा नाश कमी होतो.

वाढ

माध्यम साधे असते: डीएमईएम हे पेशींचे तयार पोषक द्रावण, त्यात १० टक्के गर्भस्थ वासराचे सीरम, स्थिर ग्लुटामिन, पेनिसिलिन प्रति मिलिलिटर १०० युनिट आणि स्ट्रेप्टोमायसिन १०० मायक्रोग्रॅम. पहिल्या आठवड्यात सीरम २० टक्के ठेवले आणि अँफोटेरिसिन घातले तर दात्याच्या डोळ्यासोबत आलेल्या बुरशीपासून थोडे संरक्षण मिळते. दुसऱ्या आठवड्यापासून बुरशीनाशक बंद करावे. पेशी फारच सावकाश वाढत असतील तर बाह्यत्वचा वृद्धिघटक, म्हणजे ईजीएफ, प्रति मिलिलिटर २० नॅनोग्रॅम घालता येतो. मानवी म्युलर पेशींवर त्याचा ग्राहक असतो आणि त्या चांगला प्रतिसाद देतात.

ग्लुकोजबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. बहुतेक कपाटांत हाताला लागते ते ‘हाय ग्लुकोज’ डीएमईएम. त्यात प्रति लिटर २५ मिलिमोल ग्लुकोज असते, तर निरोगी माणसाच्या रक्तातील पातळी सुमारे ५.५ मिलिमोल असते. मधुमेहाच्या अभ्यासासाठी पेशी पहिल्या दिवसापासून २५ मिलिमोलमध्ये वाढवायच्या आणि मग ‘उच्च ग्लुकोजचा परिणाम’ मोजायचा, यात अर्थ उरत नाही. नियंत्रण गट आधीच मधुमेही असतो. ज्यांचा प्रश्न ग्लुकोजशी संबंधित आहे त्यांनी सुरुवातीपासून ५.५ मिलिमोलचे माध्यम वापरावे.

पेशी टी-२५ फ्लास्कमध्ये ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवल्यावर पहिले चार दिवस फ्लास्क हलवूही नये. चौथ्या-पाचव्या दिवशी हलक्या हाताने माध्यम बदलावे. तोवर तळावर मेलेल्या दंडपेशींचा कचरा इतका साचलेला असतो की फ्लास्क वाया गेला असे वाटते. तो टाकून देऊ नये. दोन-तीन बदलांनंतर कचरा निघून जातो आणि साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी त्याखाली पसरट पेशींची पहिली बेटे दिसू लागतात. वर गोल, चमकदार, सैल बसलेल्या पेशी तरंगत असतील तर त्या बहुधा सूक्ष्मग्लिया, म्हणजे दृष्टिपटलातील संरक्षक पेशी होत. फ्लास्क तासभर आडव्या शेकरवर हलवून माध्यम फेकले की त्यातील बऱ्याच निघतात. पूर्ण थर भरायला तीन ते पाच आठवडे लागतात, आणि वयस्कर दात्याच्या पेशींना त्याहूनही जास्त.

थर ८० टक्के भरला की ०.०५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीएने सोडवून एकास दोन या प्रमाणात पुढे न्यावे. येथे हात राखावा. पहिल्या ते तिसऱ्या पॅसेजपर्यंतच्या (असे सोडवून पुढे नेण्याची प्रत्येक फेरी म्हणजे एक पॅसेज) पेशींवरच प्रयोग करावेत. त्यानंतर त्या ग्लुटामिन सिंथेटेज गमावतात, स्नायुसदृश अ‍ॅक्टिन बनवू लागतात आणि म्युलर पेशीपेक्षा व्रणातल्या पेशीसारख्या वागतात.

ओळख

ओळखीसाठी एकच प्रथिन निवडणे ही सर्वात सामान्य चूक आहे, आणि त्यातही व्हिमेंटिन निवडणे ही सर्वात निरुपयोगी. व्हिमेंटिन दृष्टिपटलाच्या छेदात म्युलर पेशी सुंदर दाखवते हे खरे. पण फ्लास्कमध्ये वाढलेली जवळजवळ प्रत्येक चिकटणारी पेशी, संयोजी ऊतीची असो वा रंगद्रव्यस्तराची, व्हिमेंटिन बनवते. व्हिमेंटिन नसणे ही धोक्याची घंटा आहे, असणे हा पुरावा नाही.

जीएफएपीची गोष्ट वर आलीच. निरोगी मानवी दृष्टिपटलात ते प्रामुख्याने तारकापेशींत असते, तर म्युलर पेशींत ते इजा किंवा ताणानंतर वाढते. कल्चरमध्ये म्युलर पेशी जीएफएपी दाखवतील किंवा दाखवणार नाहीत. त्यामुळे त्यावरून कोणताच निष्कर्ष निघत नाही.

ग्लुटामिन सिंथेटेज हे त्यातल्या त्यात भरवशाचे, कारण ग्लुटामेटचे ग्लुटामिन करणारे हे एन्झाइम दृष्टिपटलात मुख्यतः म्युलर पेशीत एकवटलेले असते. सीआरएएलबीपी हे दृष्टिचक्रातील प्रथिन म्युलर पेशीत असते, पण रंगद्रव्यस्तरातही असते. म्हणून या दोघांचे एकत्रित रंजन घ्यावे आणि सोबत रंगद्रव्यस्तराची दोन लक्षणे, आरपीई-६५ आणि केराटिन ८/१८, नाहीत हे दाखवावे. केंद्रकातील सॉक्स-९ म्युलर पेशी आणि तारकापेशी या दोन्हींत येते, तर पॅक्स-२ प्रौढ दृष्टिपटलात तारकापेशींकडे बोट दाखवते. म्हणजे सॉक्स-९ आहे, पॅक्स-२ नाही, ग्लुटामिन सिंथेटेज आणि सीआरएएलबीपी आहेत, केराटिन नाही, असे चित्र एकाच फ्लास्कमधील पेशींत जुळले तर ‘म्युलर पेशी’ असे लिहिण्याचा अधिकार मिळतो. याशिवाय सूक्ष्मग्लियासाठी आयबीए-१ आणि रक्तवाहिनीच्या अस्तरासाठी सीडी-३१ ही दोन प्रतिपिंडे एकदा तरी वापरून ती नकारात्मक आल्याची नोंद करावी. पोटॅशियमची वाहिनी केआयआर ४.१ मात्र कल्चरमध्ये लवकर नाहीशी होते. ती दिसली नाही म्हणून निराश होऊ नये.

रंजनाची कृती नेहमीचीच आहे. काचेवर वाढवलेल्या पेशी ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडने १५ मिनिटे स्थिर कराव्यात, ०.१ टक्के ट्रायटनने १० मिनिटे पारगम्य कराव्यात, बकरीच्या १० टक्के सीरमने तासभर झाकाव्यात, प्राथमिक प्रतिपिंड रात्रभर ४ अंशांवर, दुय्यम प्रतिपिंड तासभर अंधारात आणि शेवटी केंद्रकांसाठी डॅपी हा निळा चमकणारा रंग. लक्ष द्यायचे ते नियंत्रणांकडे. प्राथमिक प्रतिपिंडाशिवायची एक काच हवी, त्याच दात्याच्या दृष्टिपटलाचा बाजूला ठेवलेला छेद सकारात्मक नियंत्रण म्हणून हवा आणि केराटिनसाठी एआरपीई-१९ सारखी रंगद्रव्यस्तराची पेशीमालिका हवी. छेदात ग्लुटामिन सिंथेटेजचे रंजन एका सीमापटलापासून दुसऱ्यापर्यंत उभे, दांड्यांच्या ओळीसारखे दिसले पाहिजे. ते तसे दिसत नसेल तर दोष पेशींचा नाही, प्रतिपिंडाचा आहे, आणि फ्लास्कमधील निकालावर चर्चा करण्यात वेळ घालवू नये.

मोजणी डोळ्यांना आवडलेल्या जागेवर करू नये. आधी ठरवलेल्या निदान दहा क्षेत्रांत, किमान दोनशे केंद्रके मोजून ‘इतक्यांपैकी इतक्या दुहेरी सकारात्मक’ असे लिहावे, आणि हे निदान तीन वेगवेगळ्या दात्यांसाठी करावे. एका दात्याच्या तीन फ्लास्कना तीन नमुने म्हणणे बरोबर नाही.

छायाचित्रांच्या जोडीला दोन पुरावे उपयोगी पडतात. आरटी-क्यूपीसीआरने (जनुक किती कार्यरत आहे ते मोजणाऱ्या चाचणीने) सीआरएएलबीपीचे आरएलबीपी-१, ग्लुटामिन सिंथेटेजचे जीएलयूएल आणि ग्लुटामेट आत घेणाऱ्या वाहकाचे एसएलसी१ए३ ही जनुके पाहिली तर प्रतिपिंडाच्या चुकीची शक्यता कमी होते. आणि माध्यमात मोजून घातलेले ग्लुटामेट काही तासांत किती कमी झाले, आणि वाहक रोखणारे टीबीओए घातल्यावर ती घट थांबते का, एवढा प्रयोग केला तर पेशी नुसती म्युलर पेशीसारखी दिसत नाही, तिचे काम करते हेही कळते. ग्लुटामिन सिंथेटेज फारच फिके येत असेल तर रंजनाच्या आधी काही दिवस सीरम कमी करून हायड्रोकॉर्टिझोन द्यावे. ग्लुकोकॉर्टिकॉइडे या एन्झाइमची निर्मिती वाढवतात.

तयार मालिका

ज्यांना दाते मिळत नाहीत त्यांच्यासाठी एमआयओ-एम१ ही मानवी म्युलर पेशींची मालिका आहे. लंडनमध्ये दात्याच्या दृष्टिपटलापासून ती मिळाली, त्या पेशी कोणतेही विषाणूजन्य जनुक न घालता आपणहून अमर झाल्या, आणि २००२ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. ती वाढवायला सोपी आहे, परंतु २००७ मध्ये तिच्यात चेताजनक मूलपेशींची लक्षणेही नोंदवली गेली. त्यामुळे तिला प्रौढ, स्थिरावलेल्या म्युलर पेशीची प्रतिकृती समजू नये. दुसऱ्या प्रयोगशाळेकडून मैत्रीखातर आलेली कुपी असेल तर पहिल्याच आठवड्यात एसटीआर तपासणी (डीएनएवरून पेशीमालिकेची ओळख पटवणारी) करून घ्यावी, कारण पेशीमालिकांची अदलाबदल हे जुने दुखणे आहे. पुण्यात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राचे पेशीभांडार आहे. महाराष्ट्रातील प्रयोगशाळांनी पेशीमालिका हव्या असल्यास आधी तिकडे चौकशी करावी.

गोठवण्यापूर्वी

मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जीवाणू माध्यम गढूळ करत नाही, सहसा पेशी मारतही नाही, केवळ निकाल बिघडवतो. दर महिन्याला पीसीआर करावे. डॅपी केलेल्या काचेवर केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात बारीक निळे ठिपके दिसले तर पीसीआरची वाट न पाहता फ्लास्क वेगळा करावा.

पहिल्या पॅसेजच्या पेशी ९० टक्के सीरम आणि १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशींचे रक्षण करणारे द्रावक), कुपीमागे सुमारे दहा लाख, दर मिनिटाला एक अंश या वेगाने उणे ८० पर्यंत थंड करून दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजनमध्ये हलवाव्यात. कुपीवर दात्याचा सांकेतिक क्रमांक, पॅसेज, तारीख आणि ग्लुटामिन सिंथेटेज-सीआरएएलबीपी दुहेरी सकारात्मक पेशींची टक्केवारी लिहावी. वितळवल्यानंतर पहिल्या प्रयोगाआधी एक काच पुन्हा रंगवून ही टक्केवारी तपासावी. ती निम्म्यावर आली असेल तर ती कुपी बाजूला ठेवून त्याच दात्याची दुसरी काढावी.